बॉबी मॅथ्यूजचे विजय २९७ की १६६?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बॉबी मॅथ्यूज या जुन्या अमेरिकन बेसबॉल पिचरच्या (फलंदाजाला चेंडू टाकणाऱ्या खेळाडूच्या) नावावर एका ठिकाणी २९७ विजय दिसतात आणि दुसऱ्या ठिकाणी १६६. यातला खरा आकडा कोणता? आणि २९७ खरा असेल, तर तीनशेला तीन कमी असलेला हा खेळाडू हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च मानाच्या यादीत, का नाही?

सरळ उत्तर आधी देतो. दोन्ही आकडे बरोबर आहेत. फरक आहे तो कुठली लीग मोजायची याचा. मॅथ्यूज १८७१ ते १८८७ या काळात तीन लीगमध्ये खेळला. नॅशनल असोसिएशनमध्ये (१८७१–७५) त्याचे १३१ विजय आणि ११२ पराभव, नॅशनल लीगमध्ये ६० आणि ७५, अमेरिकन असोसिएशनमध्ये १०६ आणि ६१. बेरीज केली की २९७–२४८ येते. पहिली लीग वगळली की उरतात १६६–१३६. तीन वेगवेगळ्या लीगमध्ये प्रत्येकी पन्नासहून जास्त विजय मिळवणारा पिचर तो एकटाच आहे.

वगळण्याचा निर्णय १९६०च्या दशकाच्या अखेरीस झाला. मेजर लीगच्या, म्हणजे सर्वोच्च स्तरावरच्या लीगच्या, नोंदी एकसारख्या करण्यासाठी नेमलेल्या समितीने कुठल्या जुन्या लीगना ‘मेजर’ म्हणायचे ते ठरवले आणि नॅशनल असोसिएशनला त्या यादीत जागा दिली नाही. २०२० मध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंच्या निग्रो लीगना तो दर्जा मिळाला, पण नॅशनल असोसिएशन आजही बाहेरच आहे. कारणे अगदीच पोकळ नव्हती. दहा डॉलर भरले की कुठल्याही क्लबला प्रवेश मिळे. वेळापत्रक मध्यवर्ती नव्हते, क्लब आपापसात तारखा ठरवत. हंगाम अर्ध्यावर सोडून क्लब बंद पडत. सामना ठरवायचा आणि पैसे मिळणार नाहीत असे दिसले की जायचेच नाही, हेही सर्रास चाले. पण त्या पाच वर्षांत देशातले सर्वोत्तम व्यावसायिक खेळाडू याच लीगमध्ये होते, दुसरी लीग नव्हतीच. १८७६ मध्ये नॅशनल लीग निघाली तेव्हा बहुतेक तीच माणसे नव्या नावाखाली मैदानात उतरली. त्यामुळे व्यवस्थेच्या ढिसाळपणाचा भुर्दंड खेळाडूंच्या खात्यावर टाकणे मला पटत नाही. २९७ हा आकडा वापरावा, फक्त तो तीन तुकड्यांत मोडून दाखवावा.

आता कारकिर्दीकडे येऊ, कारण नुसत्या बेरजेतून हा माणूस कळत नाही.

रॉबर्ट मॅथ्यूजचा जन्म २१ नोव्हेंबर १८५१ रोजी बाल्टिमोरमध्ये झाला. उंची पाच फूट साडेपाच इंच, वजन १४० पौंड, म्हणजे साधारण ६३ किलो. त्या काळच्या मानानेही तो लहानखुराच. बाल्टिमोरच्या मेरीलँड क्लबकडून खेळून तो १८७१ मध्ये इंडियानातल्या फोर्ट वेनच्या केकिओंगा क्लबमध्ये गेला, तेव्हा वय १९. त्या वर्षी ४ मे रोजी नॅशनल असोसिएशनचा पहिला सामना फोर्ट वेनला झाला. खरे तर त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये बोस्टनचा सामना होता, पण तो पावसाने धुऊन निघाला आणि इतिहासातला पहिला व्यावसायिक लीग सामना होण्याचा मान फोर्ट वेनच्या पदरात पडला. समोर क्लीव्हलँडचा फॉरेस्ट सिटी क्लब होता आणि त्यांचा पिचर होता अल प्रॅट. पहिला फलंदाज डीकन व्हाइट. त्याने मॅथ्यूजला दोन बेसचा, म्हणजे धावपटूला दुसऱ्या थांब्यापर्यंत नेणारा फटका मारला. पुढच्या फलंदाजाचा हवेतला चेंडू टॉम कॅरीने झेलला आणि सेकंड बेसवर पाय ठेवून व्हाइटलाही बाद केले. लीगमधली पहिली हिट आणि पहिला डबल प्ले (एकाच चेंडूवर दोघे बाद) अशी लागोपाठ झाली. त्यानंतर क्लीव्हलँडला एकही धाव घेता आली नाही. केकिओंगाने दुसऱ्या आणि पाचव्या इनिंगमध्ये (एका सामन्यात अशा नऊ) एकेक धाव काढली आणि सामना २–० असा जिंकला.

हा आकडा आज सामान्य वाटतो, तेव्हा तो नवलाचा होता. १८७१ च्या हंगामात एक संघ सामन्याला सरासरी दहाच्या आसपास धावा काढत होता. हातमोजे नव्हते, मैदाने खडबडीत, एका सामन्यात संघाच्या सात-आठ चुका होणे नेहमीचे. अशा काळात समोरच्याला शून्यावर रोखायला पिचर चांगला लागतोच, पण मागचे आठही जण त्या दिवशी सावध असावे लागतात. पहिल्या सामन्याचे सगळे श्रेय मॅथ्यूजला देणारे लेख वाचताना हे विसरू नये. केकिओंगा पुढे ढेपाळला आणि ऑगस्टमध्ये बंद पडला. मॅथ्यूजचे वर्ष ६–११ असे संपले. तो पहिला फलंदाज डीकन व्हाइट २०१३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्याला चेंडू टाकणारा अजून बाहेर आहे.

इथे नियम समजून घ्यावे लागतात, नाहीतर पुढचे सगळे आकडे फसवतात. पिचरची कामगिरी १८७१ ते १८८७ या काळात दर दोन-तीन वर्षांनी बदलणाऱ्या नियमांवर ठरत होती.

१८७१ मध्ये पिचरची जागा म्हणजे जमिनीवर आखलेली सहा फुटांची चौकट. तिची पुढची रेघ होम बेसपासून (फलंदाजाच्या जागेपासून) ४५ फुटांवर. उंचवटा नाही. हात शरीराच्या बाजूने, खालून, सरळ ठेवूनच फिरवायचा, कोपर वाकवणे आणि मनगटाचा झटका दोन्ही वर्ज्य. १८७२ मध्ये हा नियम सैल झाला. चेंडू सोडताना हात कमरेच्या खालून गेला की पुरे, मनगट आणि कोपर कसेही वापरा. १८८१ मध्ये नॅशनल लीगने अंतर ५० फूट केले. १८८३ मध्ये तिथे खांद्याच्या उंचीपर्यंत हात नेण्याची मुभा मिळाली आणि १८८४ मध्ये वरून टाकणेही कायदेशीर झाले. अमेरिकन असोसिएशनने ती शेवटची सूट १८८५ च्या हंगामात दिली. क्रिकेटमध्ये ओव्हरआर्म गोलंदाजी १८६४ मध्येच मान्य झाली होती, म्हणजे या बाबतीत बेसबॉल वीस वर्षे मागे होता.

फलंदाजाच्या बाजूने पाहिले तर चित्र आणखी वेगळे दिसते. तो पिचरला सांगू शकत असे की चेंडू ‘हाय’ हवा की ‘लो’, कमरेच्या वर की खाली. त्यामुळे पिचरला स्ट्राइकसाठी (तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद) अर्धाच पट्टा मिळे. फाउल, म्हणजे बॅटला लागून रेषांबाहेर गेलेला चेंडू स्ट्राइक धरला जात नसे. उलट, फाउल चेंडू एक टप्पा पडून झेलला तरी फलंदाज बाद. १८७९ मध्ये वॉक, म्हणजे फुकटचा पहिला बेस, मिळायला नऊ बॉल (पट्ट्याबाहेरचे चेंडू) लागत, चारचा नियम यायला १८८९ उजाडले. पिचर बदलायचा तर बाकावरून नवा माणूस आणता येत नसे. दुखापत झाली किंवा प्रतिस्पर्ध्याने परवानगी दिली तरच तसे करता येई. नाहीतर मैदानावरच्याच दुसऱ्या खेळाडूशी जागा बदलायची. म्हणून पिचर सुरू केलेला सामना जवळपास नेहमी पूर्ण करी. मॅथ्यूजच्या नावावर ५२५ पूर्ण सामने आहेत, पण त्यातून त्याचा दम जितका दिसतो तितकाच तो नियमही दिसतो.

या चौकटीत मॅथ्यूज टिकला तो वेगावर नव्हे. त्याच्याकडे होता वळणारा चेंडू, मंद चेंडू आणि फलंदाजांच्या सवयी टिपणारी स्मरणशक्ती. कोण पुढे झेपावतो, कोणाला बाहेरचा चेंडू मोहात पाडतो, हे तो लक्षात ठेवी आणि त्याप्रमाणे वेग बदली. खालून टाकताना कर्व्ह, म्हणजे वळणारा चेंडू, कसा निघतो ते सांगणे गरजेचे आहे. चेंडू अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत धरायचा. हात नितंबाच्या पातळीवरून पुढे येत असताना, सोडण्याच्या क्षणी मनगट झटकन वळवायचे, म्हणजे चेंडू उभ्या अक्षाभोवती फिरत निघतो. उजव्या हाताच्या पिचरकडून निघालेला असा चेंडू उजव्या फलंदाजापासून दूर सरकतो. मनगट लवकर वळले तर चेंडू नुसता गरगरतो आणि मधोमध तरंगत येतो. उशिरा वळले तर तो हातातून सरळ सुटतो आणि वळतच नाही. १८७१ च्या ताठ हाताच्या नियमात हे उघडपणे करणे बेकायदा होते. अंपायरच्या नजरेत न येईल इतपतच मनगट चालवता येई. १८७२ च्या सवलतीने ही कला उजेडात आली.

आता हा चेंडू मारण्यात फसगत कशी होते ते पाहा. वळत्या चेंडूवर बॅट कडेने लागते आणि चेंडू मागे किंवा बाजूला उडतो. फाउल टप्प्यावर झेलला तरी बाद असल्याने कॅचर (फलंदाजामागे चेंडू पकडणारा खेळाडू) बेस रिकामे असताना बराच मागे उभा राही आणि असे चेंडू वेचून काढी. स्ट्राइकआउटच्या, म्हणजे स्ट्राइक पुरे होऊन बाद झालेल्यांच्या, रकान्यात यातले काही दिसत नाही. १८७०च्या दशकात मॅथ्यूजचे स्ट्राइकआउट कमी दिसतात म्हणून तो साधा पिचर होता असे कोणी म्हणत असेल, तर त्याने हा नियम वाचलेला नाही. बेसवर खेळाडू असला की मात्र कॅचरला जवळ यावे लागे, आणि उघड्या हातांनी कर्व्ह झेलणे म्हणजे बोटे मोडून घेणे. न्यूयॉर्कच्या म्युच्युअल्स क्लबचा कॅचर नॅट हिक्स फलंदाजाच्या अगदी मागे उभा राहण्यासाठी प्रसिद्ध होता, तेही मुखवटा आणि हातमोजे नसताना. मॅथ्यूजची त्या क्लबमधली वर्षे मोजताना हिक्सला बाजूला काढता येत नाही. कॅचर कच्चा असेल तर कर्व्ह टाकणाऱ्याला सरळ चेंडूवर यावे लागे, कारण निसटलेला प्रत्येक चेंडू धावपटूला एक बेस देऊन जाई.

कर्व्हचा शोध कोणाचा, हा वाद इथे येतोच. अधिकृत मान त्याच काळातल्या कँडी कमिंग्स या पिचरला मिळाला आणि १९३९ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. १८७० च्या सुरुवातीला खरा वळता चेंडू टाकणाऱ्या मोजक्या लोकांत मॅथ्यूजचे नाव कमिंग्सच्या बरोबरीने येते. दोघांच्या वाटा एकमेकांना विलक्षण छेदतात. १८७२ मध्ये मॅथ्यूज बाल्टिमोरमध्ये होता आणि कमिंग्स म्युच्युअल्समध्ये. १८७३ मध्ये त्यांनी नेमक्या जागा बदलल्या. आणि १८७७ मध्ये दोघेही सिनसिनाटीच्या तळाच्या संघात एकत्र आले, तिथे मॅथ्यूज ३–१२ आणि कमिंग्स ५–१४. कमिंग्सचे सगळे मिळून १४५ विजय, त्यातले १२४ नॅशनल असोसिएशनमधले. ज्या लीगला मेजर मानत नाहीत तिच्यातल्या कामावर एकजण आत गेला आणि त्याच लीगमध्ये त्याच्याहून जास्त विजय मिळवलेला दुसरा बाहेर राहिला. मला यात अन्याय दिसतो. कमिंग्सचा मान काढून घ्यावा असे नाही, पण मोजपट्टी एक असावी.

मॅथ्यूज थुंकीचा चेंडू, म्हणजे स्पिटबॉल, १८६८ च्या सुमारास टाकत असे, अशीही हकीकत आहे. चेंडूची एक बाजू घासून पांढरी ठेवायची, बोटे ओली करायची आणि मग तो सोडायचा, म्हणजे तो कधी बाहेर वळे तर कधी एकदम खाली पडे. क्रिकेट पाहणाऱ्याला हे वर्णन लगेच ओळखीचे वाटेल. पण ही आठवण स्पिटबॉल गाजल्यावर, म्हणजे जॅक चेस्ब्रोने १९०४ मध्ये ४१ सामने जिंकले त्या काळानंतर रंगवली गेली. आवडीने वाचावी, त्यावर दावा मात्र उभारू नये.

वर्षवार पाहू. १८७२ मध्ये बाल्टिमोरकडून २५–१८. सहावरून पंचवीसवर झेप दिसते, पण लगेच नव्या मनगटाच्या नियमाला श्रेय देऊ नका. केकिओंगाने हंगामात १९ सामने खेळले होते, बाल्टिमोरने त्याच्या दुपटीहून जास्त. म्युच्युअल्सकडे १८७३ मध्ये २९–२३, मग १८७४ मध्ये ४२ विजय. त्या वर्षी संघाचे एकूण विजयही ४२च, म्हणजे क्लबने मिळवलेला प्रत्येक विजय मॅथ्यूजचा. तरी म्युच्युअल्स दुसरे आले, कारण बोस्टनच्या अल स्पॉल्डिंगने त्याच हंगामात ५२ सामने जिंकले. १८७५ मध्ये २९–३८. हात तोच, पण मागचे क्षेत्ररक्षण आणि फलंदाजी ढासळली होती. त्या वर्षी त्याने ६०० हून जास्त इनिंग टाकल्या. आजचा पिचर वर्षाला दोनशे टाकतो तेव्हा त्याला दमदार म्हणतात. मात्र खालून टाकण्यात खांद्यावर ताण कमी येतो, अंतर कमी होते आणि सामने आठवड्याला दोन-तीनच होते, म्हणून थेट तुलना करू नये.

१८७६ मध्ये नॅशनल लीगचा पहिला हंगाम. म्युच्युअल्सचे २१ विजय, सगळे मॅथ्यूजचे, आणि पराभव ३४. या वर्षाचा ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे पिचरच्या वाट्याच्या ‘कमावलेल्या’ धावा, तीनच्या आत आहे. पण त्याच ५१६ इनिंगमध्ये त्याच्या विरुद्ध सुमारे ४०० धावा झाल्या. म्हणजे निम्म्याहून जास्त धावा क्षेत्ररक्षकांच्या चुकांतून आल्या. जुन्या पिचरचा ईआरए पाहून खूश होणाऱ्याने नेहमी एकूण धावांचा रकानाही पाहावा. ईआरए तेव्हा मोजलाच जात नव्हता. तो पुढच्या संशोधकांनी मागे जाऊन काढला आहे आणि चुकांनी भरलेल्या सामन्यात ‘कमावलेली’ धाव कुठली हे ठरवणे हा अंदाजाचा भाग असतो. त्या हंगामाच्या शेवटी म्युच्युअल्सनी पश्चिमेकडचा दौरा टाळला आणि लीगने त्यांना हाकलले. मॅथ्यूजचा क्लबच गेला.

सिनसिनाटीचे वाईट वर्ष वर आलेच आहे. १८७९ मधला प्रॉव्हिडन्सचा हंगाम छोटा दिसतो, पण अभ्यासायला फार उपयोगी आहे. जॉर्ज राइटच्या या संघाने ५९–२५ अशी कामगिरी करून विजेतेपद मिळवले. त्यात १९ वर्षांच्या जॉन माँटगोमरी वॉर्डचे ४७–१९ आणि मॅथ्यूजचे १२–६. दोघे मिळून संघाचे सगळे निकाल. वॉर्ड दमला किंवा मार खाऊ लागला की तो थर्ड बेसवर जाई आणि मॅथ्यूज पिचरच्या जागी येई. बाकी वेळ मॅथ्यूज आउटफिल्डला, म्हणजे मैदानाच्या दूरच्या भागात, उभा असे. बदली पिचरचा असा ठरवून केलेला उपयोग त्या काळात दुर्मीळ होता. फलंदाजाला वॉर्डच्या वेगाची सवय झाली की मंद कर्व्ह समोर आणायचा, ही योजना आजच्या प्रशिक्षकालाही लगेच कळेल.

१८८१ मध्ये प्रॉव्हिडन्स आणि बोस्टन मिळून पाचच विजय, पण १८८२ मध्ये बोस्टनकडून १९–१५. इथे ५० फुटांचे अंतर लागू झाले होते. अंतर वाढले की पिचरचे नुकसान, असे सरसकट म्हटले जाते. वेगावर जगणाऱ्याचे होते, कारण फलंदाजाला सुमारे अकरा टक्के जास्त वेळ मिळतो. वळता चेंडू मात्र प्रवासाच्या वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात सरकतो. वेग आणि फिरकी तीच ठेवली आणि अंतर ४५ वरून ५० फूट केले, तर वळण सुमारे २३ टक्क्यांनी वाढते. फलंदाजाला पाहायला वेळ जास्त मिळतो, पण चेंडूही जास्त पळ काढतो. तिशीतल्या, हळू टाकणाऱ्या मॅथ्यूजला नवे अंतर मारक ठरले नाही यामागे माझ्या मते हेच कारण आहे.

पुढची तीन वर्षे त्याच्या कारकिर्दीचा गाभा आहेत. १८८३ मध्ये तो अमेरिकन असोसिएशनच्या फिलाडेल्फिया ॲथलेटिक्समध्ये गेला. ही लीग १८८२ मध्ये निघालेली. तिकीट पंचवीस सेंट, म्हणजे नॅशनल लीगच्या निम्मे, मैदानावर बिअर आणि रविवारीही खेळ. पहिल्या वर्षी मॅथ्यूज ३०–१३. ॲथलेटिक्स ६६–३२ वर थांबले आणि सेंट लुईस ६५–३३ वर, एका सामन्याच्या फरकाने विजेतेपद आले. दुसऱ्या वर्षी ३०–१८, तिसऱ्या वर्षी ३०–१७. ओळीने तीन वर्षे तीस विजय, तेही वयाच्या ३१ ते ३३ व्या वर्षी. त्या काळात या वयाचे बहुतेक पिचर हात गमावून घरी बसलेले असत.

पण इथेही संघाचा आकडा शेजारी ठेवून बघा. १८८३ मध्ये ॲथलेटिक्सचे बाकीचे पिचर मिळून ३६–१९ होते, म्हणजे संघ मॅथ्यूजविनाही जोरदारच होता. १८८५ मध्ये संघ ५५–५७ असा साधारण होता. त्यातून मॅथ्यूजचे ३०–१७ वजा केले की बाकीच्यांचे उरतात २५–४०. म्हणजे तो चेंडू टाकत असताना संघ विजेत्यासारखा खेळत होता आणि नसताना तळाच्यासारखा. हॉल ऑफ फेमसाठी त्याची बाजू मांडायची असेल तर २९७ च्या आधी ही वजाबाकी मांडावी. संघाच्या विजयावर पिचरला श्रेय मिळते हा जो रास्त आक्षेप आहे, त्याला उत्तर याच वर्षात आहे.

१८८४ आणि १८८५ मध्ये त्याचे स्ट्राइकआउट दर वर्षी पावणेतीनशेच्या वर गेले. हेही जरा सावधपणे घ्यावे. १८८४ मध्ये तीन लीग एकाच वेळी चालू होत्या, खेळाडूंची चणचण होती आणि कमकुवत फलंदाज सगळीकडे भरले होते. त्याच वर्षी चार्ली स्वीनी आणि ह्यू डेली यांनी एकेका सामन्यात १९ फलंदाज स्ट्राइकआउट केले आणि प्रॉव्हिडन्सच्या रॅडबोर्नने हंगामभरात ४४१. मॅथ्यूजचा आकडा त्याच्या आधीच्या वर्षांच्या तुलनेत मोठा आहे, त्या हंगामाच्या तुलनेत नाही.

शेवट झपाट्याने झाला. १८८६ मध्ये १३–९ आणि १८८७ मध्ये ३–४. १८८७ च्या नियमांनी त्याच्यासारख्या पिचरची बरीच शस्त्रे काढून घेतली. चौकट लहान झाली, मागचा पाय मागच्या रेघेवर ठेवून एकच पाऊल टाकता येई, म्हणजे चौकटीत सरकून फलंदाजाला चकवण्याची सोय गेली. वर त्या एका हंगामात बाद व्हायला तीनऐवजी चार स्ट्राइक लागत. ‘हाय-लो’ मागण्याचा हक्क फलंदाजाकडून गेला हे पिचरच्या फायद्याचे होते, पण पस्तिशीतल्या मॅथ्यूजला तो फायदा घ्यायला उशीर झाला होता. १७ एप्रिल १८९८ रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी बाल्टिमोरमध्ये त्याचा मृत्यू झाला.

हॉल ऑफ फेमचे उत्तर यातूनच मिळते. तीनशे हा गोल आकडा त्याला लाभला नाही. अधिकृत यादीत तो १६६ वर दिसतो. कर्व्हचे श्रेय दुसऱ्याच्या नावावर गेले. त्याचे विजय एका शहराशी बांधलेले नाहीत, त्यामुळे त्याची बाजू धरून बसणारे गाव नाही. आणि निवड समित्यांनी जुन्या खेळाडूंकडे पाहिले ते बहुतेक नॅशनल लीगच्या चष्म्यातून, जिथे त्याचा हिशेब ६०–७५ असा फिका आहे. अलीकडच्या काळातला पिचर रॉजर क्लेमेन्स याला उत्तेजक द्रव्यांच्या वादामुळे बाजूला ठेवले, तर हॉल ऑफ फेमबाहेर सर्वांत जास्त विजय असलेला पिचर हाच आहे. माझ्या मते तो आत असायला हवा, आणि ते आकड्यापेक्षा ताठ हात, मोकळे मनगट, ५० फूट, खांद्याच्या वरचा हात अशा चार वेगवेगळ्या खेळांत टिकून राहण्यासाठी.

ज्यांना स्वतः पडताळा घ्यायचा आहे त्यांच्यासाठी काही गोष्टी. जुन्या वर्तमानपत्रांतल्या स्कोअरकार्डवर फक्त आडनाव असते, आणि त्याचे आडनाव इंग्रजीत एका ‘टी’चे असताना छापताना बऱ्याचदा दोन ‘टी’ टाकलेले असतात. दोन्ही शब्दलेखनांनी शोधा. नावापुढे पिचरबरोबर दुसरीही जागा दिसली, तर सामन्याच्या मध्येच अदलाबदल झाली आहे असे समजा आणि विजय कोणाचा हे ठरवण्याआधी इनिंगवार धावा बघा. पिचरच्या नावावर विजय लिहिण्याची पद्धतच तेव्हा नव्हती, आजचे आकडे मागाहून वाटून दिलेले आहेत. म्हणून दोन विश्वासू स्रोतांत एखाद्या विजयाचा फरक निघाला तर घाबरू नका. घरचा संघ खाली छापलेला असेल असे गृहीत धरू नका, आधी फलंदाजी कोणी करायची हे नाणेफेकीवर ठरे. क्लब लीगबाहेरचे सामनेही भरपूर खेळत. वर्तमानपत्राने वर्षअखेरीस दिलेल्या एकूण आकड्यांत ते मिसळलेले असू शकतात, म्हणून प्रत्येक सामना अजिंक्यपदाचा होता का हे आधी तपासा. अंतरांची तुलना करताना ४५ आणि ५० फूट हे चौकटीच्या पुढच्या रेघेपासूनचे माप आहे आणि १८९३ पासूनचे ६० फूट ६ इंच हे मागच्या पायाखालच्या पट्टीपासूनचे, हे ध्यानात ठेवा. १८८७ नंतर मागची रेघ ५५ फूट ६ इंचांवर होती, त्यामुळे १८९३ मध्ये पिचर प्रत्यक्षात पाच फूटच मागे गेला. साडेदहा फूट हा बऱ्याच ठिकाणी छापून येणारा आकडा दोन वेगळी मापे एकमेकांतून वजा केल्याने निघतो.